फेरी रोडची अकरा मतं

बुधवारी सकाळी माझ्या नवऱ्याने, हॉलिसने रेडिओचा आवाज वाढवला आणि बैठकीच्या खोलीतून ओरडला, "ओडेसा, पळत ये, आपली काउंटी लागलीय!"

पेंब्री काउंटी रेडिओवर लागते ती पूर आला की, नाहीतर तुरुंगातून कुणी पळाला की. त्यामुळे मी हात पुसत गेले ते जरा धास्तीनेच. पण बातमी मतांची होती. राज्याच्या राजधानीत, रिचमंडच्या सभागृहात जागा शंभर. त्यातल्या पन्नास आमच्याकडे आल्या होत्या, एकोणपन्नास त्यांच्याकडे गेल्या होत्या, आणि उरलेली एकुलती एक जागा आमच्या पूर्व मतदारसंघाची होती. तिथे कॉरिन सॅटरव्हाइट रॉय डिलार्डच्या पुढे होती. तीन मतांनी.

"तीन!" हॉलिसने तीन बोटं माझ्या नाकासमोर नाचवली. "आपल्या जेवणाच्या टेबलाला याहून जास्त खुर्च्या आहेत."

आमचा पक्ष कुठला ते मी सांगणार नाही. फायर स्टेशनमधल्या मतदान केंद्रावर बसणाऱ्या बाईने ते सांगू नये, आणि चारचौघांनी तिला विचारूही नये. एवढंच सांगते, की कॉरिन आली तर आमचे एक्कावन्न होत होते आणि सभागृह आमच्या हातात येत होतं. ती पडली तर पन्नास-पन्नास. मग सभापती कोण यावरच महिनोन् महिने हमरीतुमरी, आणि काम काडीचं नाही.

आमच्या व्हर्जिनियात या निवडणुका आडसाली येतात. राष्ट्राध्यक्ष निवडायचा नसतो, त्यामुळे टीव्हीवाले पेंगत असतात आणि निम्मी जनताही. दर दोघांतला एक मतदार घरी बसतो आणि वर मलाच विचारतो, "काल काही होतं का गं फायर स्टेशनमध्ये? गाड्या फार दिसल्या." अशा निवडणुकीत तीन मतांवर राज्य अडकलं तर नवल नाही. नवल एवढंच, की ते आमच्या दारात येऊन अडकलं होतं.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? काउंटीचं हॉस्पिटल बंद होऊन दोन वर्षं झाली होती. मार्चमध्ये हॉलिसच्या छातीत कळ आली तेव्हा अँब्युलन्सला दुसऱ्या काउंटीत पोचायला पंचावन्न मिनिटं लागली. ती पंचावन्न मिनिटं मी त्याचा हात धरून बसले होते आणि दर वळणावर घड्याळ बघत होते. कॉरिनने घरोघर फिरून एकच गोष्ट सांगितली होती: सभागृह हातात आलं तर हॉस्पिटल उघडेल. मी तिच्यावर विश्वास ठेवला होता. अजूनही ठेवते.

दहा वाजता वर्डी स्क्रग्ज स्ट्यूचं पातेलं परत करायला आली. मतदानाच्या दिवशी आमच्या फायर स्टेशनच्या अंगणात बायका स्ट्यू आणि हॅमची बिस्किटं विकतात. मत द्यायला न येणारी माणसंही स्ट्यूला येतात, आणि आली की लाजेकाजेस्तव मत देऊन जातात. पातेलं माझं असतं, उरलेला स्ट्यू वर्डी घेऊन जाते. चाळीस वर्षांची आमची मैत्री, त्यात हे ठरलेलंच आहे.

"तीन मतं, ओडेसा!" दारातूनच तिचं सुरू झालं. "आणि त्यातलं एक माझं. आता मरेपर्यंत मी त्या पोरीकडून केक वसूल करणार."

"गावभर सांगत सुटू नकोस. मत गुप्त असतं."

"अगं, सत्तरी ओलांडली माझी. आता माझं काय गुप्त राहिलंय? कॉरिनच्या नावापुढचा गोल इतका गच्च भरलाय मी, की कागद फाटायचा तेवढा राहिला."

मी हसले. तिच्या कपात कॉफी ओतू लागले. आणि ओतता ओतता माझा हात थांबला.

वर्डी राहते फेरी रोडला, एकशे चौदा नंबर. आमच्या केंद्राला दोन मतदारसंघ लागतात. पूर्वी त्यांची हद्द रेल्वेचे रूळ होती. गेल्या वर्षी नवा नकाशा आला आणि हद्द रुळांवरून सरकून बेकर्स क्रीक या ओढ्यावर गेली. रूळ आणि ओढा यांच्यामध्ये फेरी रोडची चाळीसेक घरं आहेत. ती सगळी पूर्वेतून उचलून पश्चिमेत टाकली गेली. पश्चिमेत एकच उमेदवार उभा होता. तिथे चुरस नव्हती, बातमी नव्हती, आणि कॉरिन तर नव्हतीच.

म्हणजे वर्डीच्या मतपत्रिकेवर कॉरिनचं नाव असायलाच नको होतं.

"काय गं? भूत बघितल्यासारखी काय करतेस?" वर्डी म्हणाली.

"काही नाही. दूध संपलंय," मी म्हणाले. दुधाची बाटली आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावरच होती. वर्डीने ती बघितली, मला बघितलं आणि स्वतःच दूध ओतून घेतलं.

ती गेल्यावर मी खुर्चीत बसले ती उठेच ना. आठवायला फार कष्ट पडले नाहीत, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मंगळवारी, मतदानाच्या दिवशी, बारा वाजता मतपत्रिकेच्या टेबलावरची मुलगी जेवायला गेली, तेव्हा तासभर तिच्या जागी मी बसले. पद्धत साधी आहे. यादीच्या टेबलावर ड्यूई प्रुइट बसतो. मतदार नाव-पत्ता सांगतो, ड्यूई संगणकात बघतो आणि त्याला रंगीत कार्ड देतो. पूर्वेला हिरवं, पश्चिमेला पिवळं. मतदार ते कार्ड पुढच्या टेबलावर आणतो. तिथल्या माणसाने कार्डाचा रंग बघायचा आणि डाव्या नाहीतर उजव्या गठ्ठ्यातली मतपत्रिका द्यायची. शेंबड्या पोरालाही जमावं असं काम आहे. पण मी शेंबडं पोर नव्हते. मी एकतीस वर्षं हॅलोज फोर्डच्या पोस्टात टपाल लावलेली बाई होते. पाकिटावर पत्ता नसला तरी अक्षरावरून ते कुठल्या पेटीत टाकायचं हे मला कळायचं. मला कार्ड कशाला लागतं? माणूस समोर आला, मी तोंड बघितलं, हात आपोआप गठ्ठ्याकडे गेला. फेरी रोड म्हणजे पूर्व. एकतीस वर्षं पूर्वच. कार्ड मी न बघता डब्यात टाकत होते आणि "कशी आहे गुडघेदुखी?" म्हणून विचारत होते.

वर पुन्हा केंद्रप्रमुख म्हणून नव्या नकाशाचं प्रशिक्षण मीच दिलं होतं सगळ्यांना. फळ्यावर ओढा काढून दाखवला होता.

संध्याकाळी हिशेब जुळला होता, कारण फॉर्मवर एकूण आकडा विचारतात. सहाशे बारा माणसं आली, सहाशे बारा मतपत्रिका यंत्रात गेल्या. पूर्वेच्या किती, पश्चिमेच्या किती, हे वेगळं लिहायला रकाना नाही. कार्डांचा डबा लाखबंद होऊन न्यायालयाच्या तळघरात गेला. फेरमोजणी झाली तरी मतपत्रिका मोजतात, कार्डं कुणी मोजत नाही. माझी चूक मला सोडून जगात कुणाला कळणार नव्हती.

मी विजेच्या बिलाचं पाकीट उलटं केलं आणि बारा ते एकमध्ये आलेली फेरी रोडची माणसं लिहून काढली. अकरा. दोनदा लिहिली, दोनदा अकराच. आणि फरक होता तीनचा.

दुपारी मी ड्यूईकडे गेले. तो शिडीवर चढून पन्हळीतली पानं काढत होता. ड्यूई त्यांच्या पक्षाने नेमलेला, मी आमच्या. कायदाच तसा आहे, दोन्हीकडची माणसं एका छपराखाली बसवतात म्हणजे एकमेकांवर नजर राहते. बावीस वर्षं आम्ही एकमेकांवर नजर ठेवतोय, आणि एवढ्या वर्षांत मला एवढंच सापडलंय की तो दुपारच्या जेवणानंतर डुलक्या काढतो.

"ड्यूई, काल फेरी रोडच्या लोकांना तू कुठलं कार्ड दिलंस?"

"पिवळं. दुसरं कुठलं देणार? संगणक सांगतो ते द्यायचं, माझी अक्कल कोण विचारतंय?" मग तो वाकून माझ्याकडे बघू लागला. पानांचा ओला गोळा त्याच्या हातातच राहिला. "का?"

मी सांगितलं. तो शिडीवरून खाली उतरला आणि शेवटच्या पायरीवर बसला.

"किती?"

"अकरा."

"अरे देवा." त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "ओडेसा, तू हे कुणाला सांगतेयस कळतंय का तुला? मी आत जाऊन रॉय डिलार्डला एक फोन केला ना, तर तो माणूस इथे येऊन मला मिठी मारेल. आणि मला मिठी मारायला आजकाल बायकोसुद्धा येत नाही."

"कळतंय."

"मग मला कशाला सांगितलंस?"

"कार्डं तूच देत होतास. दुसऱ्या कुणाला विचारू?"

त्याने हातातला पानांचा गोळा खाली टाकला. "हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी फोन करणार नाही. बावीस वर्षं बसलोय तुझ्या शेजारी, ते काय तुला असं विकायला? पण कुणी मला शपथेवर विचारलं तर खोटंही बोलणार नाही. शुक्रवारी दुपारी निवडणूक मंडळ निकालावर सह्या करतंय. तोवर तुझं तू बघ."

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट संताप आला. त्याने फोन केला असता तर माझं काम झालं असतं. मी गुन्हेगार ठरले असते, पण ठरवायचं तरी माझ्यावर राहिलं नसतं. परत येताना फेरी रोडचं वळण लागलं आणि मी मान दुसरीकडे वळवली. जशी काही ती घरं माझ्याकडे बघत होती.

त्या दिवशी मी खिडक्या पुसल्या, कपाटं आवरली, मसाल्यांच्या बाटल्या ओळीने लावल्या. हॉलिस म्हणाला, "जिंकल्यावर घर इतकं स्वच्छ करतेस, मग हरली असतीस तर छप्पर बदललं असतंस की काय?" मी हसायचा प्रयत्न केला. टीव्हीवाल्यांची एक गाडी फायर स्टेशनसमोर येऊन उभी राहिली होती. वर मोठी तबकडी होती आणि खाली एक पोरगी माइक धरून आमच्या बंबासमोर केस नीट करत होती.

गुरुवारी सकाळी कॉरिन स्वतः दारात उभी. शाळेत रसायनशास्त्र शिकवते, बोटांवर कायम कसले तरी डाग. डोळे सुजलेले होते.

"बसत नाही, मिस ओडेसा. सगळ्या केंद्रप्रमुखांचे आभार मानत फिरतेय. झोप तर येतच नाही, मग म्हटलं पाय तरी चालवावेत." ती बसत नाही म्हणत बसली. "गाडी चालवताना प्रत्येक घराकडे बघते. वाटतं, हे असेल का? या घरातल्या एकाने संध्याकाळी साडेसहाला बूट घातले म्हणून मी आहे?"

"कॉफी देऊ?"

"नको, सकाळपासून पाच कप झाले. रिचमंडहून फोन आला होता. म्हणाले, एक्कावन्न झाले की हॉस्पिटलचा ठराव पहिल्याच आठवड्यात. हॉलिसकाका कसे आहेत?"

"बरे आहेत," मी म्हणाले. आतून त्याच्या खोकण्याचा आवाज आला.

माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी ओठाशी आलं होतं. एकच वाक्य होतं ते. पण ती उठली, तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "डिलार्डचे वकील प्रत्येक केंद्रात खोड काढायला बघतायत. तुमच्या केंद्राची मला काळजी नाही. तिथे तुम्ही आहात."

मी दार लावलं, बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला आणि रडले. मला माझी दया येत नव्हती, राग येत होता. कार्ड बघायचं होतं, बस! इतक्या साध्या गोष्टीत शहाणपणा करायला कुणी सांगितलं होतं मला?

संध्याकाळी जेवताना मी हॉलिसला सांगितलं. तो चमचा खाली ठेवून ऐकत राहिला. पंचेचाळीस वर्षांत त्याने मला एवढा वेळ न अडवता बोलू दिलं नव्हतं.

"आणि गप्प बसलीस तर?" त्याने विचारलं.

"तर कॉरिन जाते रिचमंडला. हॉस्पिटल उघडतं. तुला पुन्हा कळ आली तर दहा मिनिटांत डॉक्टर."

"मला मध्ये घालू नकोस."

"तूच आहेस मध्ये! मी काय सभागृहासाठी रडतेय? मला काय करायचंय तो सभापती कोण होतो ते?"

"ओडेसा." तो क्वचित माझं नाव असं सावकाश घेतो. "तुला गप्प बसायचं असेल तर बस. मी कुणाला सांगणार नाही. पण माझ्या छातीचं निमित्त करू नकोस. स्वतःच्या नावावर बस गप्प."

एवढं बोलून तो पुन्हा जेवू लागला. मला त्याचा इतका राग आला की मी त्याला बटाटे वाढले नाहीत. आणि इतकं प्रेमही आलं की उठून त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "सरक, बटाटे घेऊ दे."

शुक्रवारी मी चर्चला जायचा निळा कोट घातला. मंडळाची बैठक काउंटी कचेरीच्या तळमजल्यावर होती. एरवी तिथे मंडळाचे तिघं, निवडणूक अधिकारी पॅट्रिस लेडबेटर आणि एक पंखा एवढेच असतात. त्या दिवशी भिंतीला टेकून माणसं उभी होती. कॉरिन होती, डिलार्ड होता, दोघांचे वकील होते, आणि बंबासमोर केस नीट करणारी ती पोरगीही होती. ड्यूई सगळ्यांत मागे बसला होता. मला बघून त्याने मान खाली घातली.

मंडळाचे अध्यक्ष वेंडेल ओक्स. त्यांच्या बापाचं, आजोबाचं आणि त्यांचं स्वतःचं टपाल मी लावलेलं आहे. त्यांनी आकडे वाचले, काही हरकत आहे का विचारलं, आणि कुणी काही बोलायच्या आत पेन हातात घेतलं.

"मला बोलायचंय," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं.

मग मी सांगितलं. कार्डं, गठ्ठे, फेरी रोड, अकरा माणसं. सांगताना मी ओक्सच्या टायच्या गाठीकडे बघत होते. बोलणं संपलं तशी डिलार्डच्या वकिलाने खिशातून वही काढली. कॉरिनच्या दिशेला बघायची माझी हिंमत झाली नाही.

कॉरिनचा वकील उठला. तरुण माणूस, फार मऊ बोलणारा. "मॅडम, तुमचं वय विचारलं तर चालेल?"

"अडुसष्ट."

"मंगळवारी किती तास काम केलंत?"

"पहाटे पाचपासून. सोळा तास."

"सोळा तास. त्यातला एक तास, आणि सहाशे बारा माणसं. मी तुमच्या जागी असतो तर मला सकाळी काय खाल्लं तेही आठवलं नसतं. चूक झाल्यासारखं वाटणं वेगळं आणि नक्की आठवणं वेगळं. खरं ना? तुम्हाला नक्की आठवतंय असं म्हणता येईल का?"

त्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. "नक्की नाही आठवत" एवढंच म्हणायचं होतं. म्हातारीला वाटलं असेल काहीतरी, म्हणून सगळे हळहळले असते, सह्या झाल्या असत्या, आणि मी खोटंही फारसं बोलले नसते. निळ्या कोटात जीव गुदमरत होता.

"वर्डी स्क्रग्ज, फेरी रोड एकशे चौदा," मी म्हणाले. "ती पहिली आली, तिच्या हातात बिस्किट होतं, मी तिला ते बाहेर ठेवायला लावलं. मग क्लेटन यान्सी आणि त्याची बायको, एकशे तीस. ओरा टॅलीफेरो, एकशे बेचाळीस, मागच्या दाराचा रस्ता वेगळा आहे पण पेटी पुढेच. लॅथम भाऊ, दोघे, दोनशे सहा..."

मी अकराही सांगितले. पॅट्रिस संगणकावर एकेक नाव बघत होती. शेवटचं नाव झाल्यावर ती ओक्सना म्हणाली, "सगळे बारा ते एकमध्येच नोंदलेत. सगळे पश्चिमेचे. पत्ते बरोबर आहेत." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मिस ओडेसा, हे तुम्ही कागदाशिवाय सांगितलंत?"

ओक्सना ते पटवून घ्यायचं नव्हतं. दिसत होतं मला. "यादीवरून कार्डं बरोबर दिली हे कळतं," ते म्हणाले. "हातात पत्रिका कुठली पडली, ते फक्त हिचा शब्द आहे. पॅट्रिस, वर्डी स्क्रग्जला फोन लाव. सगळ्यांना ऐकू येईल असा लाव."

घंटी वाजत राहिली. माझ्या मनात येत होतं, घरी नसू दे, बागेत असू दे.

"हॅलो?" मागे तिचा टीव्ही चालू होता.

"वर्डी, वेंडेल ओक्स बोलतोय. निवडणूक मंडळातून. माणसं ऐकतायत इथे. तू मत कुणाला दिलंस ते मला सांगू नकोस. फक्त तुझ्या मतपत्रिकेवर नावं कुणाची होती तेवढं सांग."

"ओडेसा आहे का तिथे?" तिने विचारलं.

"आहे."

"तिला काही झालंय का? तिच्यावर काही आलंय का?"

"वर्डी, नावं सांग."

"पश्चिमेची होती," वर्डी म्हणाली. स्वच्छ, खणखणीत. "तो एकटाच उभा होता ना, काय त्याचं नाव, टकला. तोच होता. पिवळं कार्ड होतं, पत्रिका पण तीच. सगळं व्यवस्थित झालं. ओडेसाच्या हातून कधी चूक होते का? लिहून घ्या."

कॉरिनच्या वकिलाने श्वास सोडला तो मला ऐकू आला. दोन दिवसांपूर्वी त्या मतासाठी जन्मभर केक वसूल करणार होती ती. आता माझ्यासाठी तेच मत नाही म्हणून टाकलं तिने, एका दमात, कशासाठी हे न विचारता. मला वाटलं, सोडून द्यावं. बाई शपथेवाचून का होईना, माझ्यासाठी खोटं बोलली आहे, आता तिला तोंडघशी कुठे पाडू?

मी टेबलाजवळ गेले. "वर्डी, मी ओडेसा."

"तू गप्प बस गं. मी सांगितलंय त्यांना."

"वर्डी, मी सगळं सांगून टाकलंय. खरं सांग."

टीव्हीचा आवाज बंद झाला. तिचं खुर्चीत बसणं ऐकू आलं.

"सांगितलंस तू?"

"हो."

"अगं, मग..." तिचा आवाज एकदम म्हातारा झाला. "कॉरिनचं नाव होतं. कॉरिन आणि डिलार्ड. मी बघितलं होतं, ओडेसा. काउंटीचं पत्र आलं होतं ना मला, की आता तुम्ही पश्चिमेत म्हणून. फ्रिजवरच लावलंय. नाव बघून मी परत टेबलाशी यायला निघाले होते, चार पावलं आले सुद्धा. मग बघितलं तर तू बसलेली. म्हटलं, ओडेसाने दिलीय, माझंच डोकं चळलं असेल. क्लेटन शेजारच्या खणात मत भरत होता, तो पण तेच म्हणाला. म्हणाला, ओडेसाने दिलीय ना, मग भर. तिथे दुसरं कुणीही असतं ना गं, तर मी विचारलं असतं."

वेंडेल ओक्सनी पेनाला टोपण लावलं आणि सह्यांचा कागद परत फाइलमध्ये ठेवला.